भांड्यांच्या कपाटामागची टकटक

तांब्याची नळी तापली की लांबते. दहा मीटरची नळी पंचावन्न अंशांनी तापवली तर ती साधारण नऊ मिलिमीटरने वाढते, म्हणजे माझ्या करंगळीच्या नखाएवढी. हे नखाएवढं लांबणं सावकाश आणि सरळ झालं तर कुणाला कळणारही नाही. पण नळी ज्या लोखंडी आकड्यांवर टेकलेली असते तिथे ती अडून बसते, ताण सोसेल तोवर जागची हलत नाही, आणि मग एकदम सुटते. तेव्हा ‘टक्’ असा आवाज होतो. थोडी पुढे सरकून ती पुन्हा अडते, पुन्हा सुटते. सुरुवातीला हे आवाज भराभर येतात. नळी पुरती तापली की दोन आवाजांमधलं अंतर वाढत जातं आणि शेवटी ते थांबतात.

ऑक्टोबरातल्या एका दुपारी मी स्वयंपाकघरात सफरचंदं सोलत बसले होते आणि शेजारच्या जेवणाच्या खोलीतून, आईच्या भांड्यांच्या कपाटामागून, हा आवाज आला. टक्. टक्टक्. जरा दम घेऊन, टक्.

माझा थर्मोस्टॅट बंद होता.

वरच्या मजल्यावरून काठीचे तीन ठोके पडले. पाठोपाठ जिन्यातून माझ्या थोरल्या बहिणीचा, मेनाचा, प्रसन्न आवाज आला.

“ओदील, ऐकलं गं मी.”

आमचं घर दुमजली आहे. खाली मी, वर मेना, आणि तळघरात दोघींना मिळून एक बॉयलर. त्यातलं गरम पाणी भिंतींच्या कडेने, जमिनीलगत, पत्र्याच्या लांबट खोक्यांतल्या नळ्यांमधून फिरतं आणि खोल्या ऊबदार ठेवतं. मजला कुणाचा तापवायचा हे ज्याच्या त्याच्या थर्मोस्टॅटने ठरतं. ही सगळी जोडणी आमच्या पापांनी आपल्या भावांना हाताशी धरून केली. गिरणीतून सुटल्यावर संध्याकाळी बसून त्यांनी कथील वितळवून एकेक सांधा डाखला. आणि काम पुरं झाल्यावर, एवढं सगळं बसवल्यावर, त्यांनी नियम केला की ते लावायचं नाही.

निदान सगळ्या संतांचा सण होईपर्यंत, म्हणजे नोव्हेंबर उजाडेपर्यंत, नाहीच. बिडफर्डमध्ये, अमेरिकेतल्या आमच्या या थंड, फ्रेंच वळणाच्या गिरणीगावात, हा नियम बहुतेक घरांत आहे. ऑक्टोबरात दुकानात दोन माणसं भेटली तर एकमेकांना तब्येत विचारत नाहीत, “लावलंत का?” असं विचारतात. “नाही बाई, अजून कुठे,” असं म्हणताना समोरच्याच्या दातांचा आवाज ऐकू येत असला तरी तो ऐकू आला असं दाखवायचं नसतं. पापा गेल्यावर आम्हा बहिणींमध्ये याची शर्यत झाली. जी आधी लावेल ती हरली. हरणारीने नाताळचं रेव्हेयों आपल्या मजल्यावर करायचं. रेव्हेयों म्हणजे मध्यरात्रीच्या प्रार्थनेहून परतल्यावर पहाटेपर्यंत चालणारं जेवण. आमच्याकडे त्याला सगळे चुलत-मावस येतात, त्यांची पोरं येतात, अकॉर्डियन येतो, आणि प्रत्येकाला आईसारखी तूर्तियेर हवी असते. डुकराच्या मांसाचं सारण भरून भाजलेली ही मोठी कचोरी आई कशी करायची याबद्दल मात्र प्रत्येकाची आठवण वेगळी असते. तयारी नोव्हेंबरात सुरू होते. आवराआवर जानेवारीत संपते.

लेओ, म्हणजे मेनाचा नवरा, होता तोवर आम्ही आलटून पालटून हरायचो. तो गेल्यापासून दरवर्षी मीच हरत होते. न लावता, या टकटकीपायी.

तेही एक वेळ चाललं असतं. पण मध्ये व्हॅलमोर होता.

व्हॅलमोर तिबो माझ्याच शाळेत भूगोल शिकवायचा, मी पदार्थविज्ञान. आमचे वर्ग समोरासमोर होते. निवृत्त झाल्यावर त्याने एक गाडी घेतली. तिच्यात पलंग आहे, चूल आहे आणि टेबल भिंतीत मिटून जातं. पानं झडली की तो ती घेऊन फ्लोरिडाला जातो आणि बर्फ वितळलं की परततो. जाण्याआधी दर वर्षी तो मला विचारायचा, येतेस का. मी म्हणायचे, रेव्हेयों माझ्याकडे आहे ना, कशी येऊ? नाताळनंतर ये, असं तो म्हणायचा. नाताळनंतर रस्त्यांवर बर्फ असतं, असं मी म्हणायचे. मग तो एकटाच जायचा आणि मला संत्र्यांची पेटी पाठवायचा. त्या वर्षी त्याने फार काही विचारलं नव्हतं. फक्त गाडी दाखवायला घेऊन आला होता. चुलीवर कप टांगायला एक हुक होता, त्याशेजारी त्याने दुसरा लावला होता.

म्हणजे हिशोब साधा होता. हरले तर रेव्हेयों माझ्याकडे, आणि रेव्हेयों माझ्याकडे तर दुसरा हुक रिकामा.

मी हातातलं सफरचंद ठेवून जिन्याशी गेले आणि मेनाला सांगितलं की मी काहीही लावलेलं नाही. ती खाली आली. अंगात लोकरीचा कोट, गळ्यात दोन मफलर, डोक्यावर लेओची शिकारीची टोपी. माझ्या खुर्चीत बसून तिने हातांवर फुंकर घातली आणि खोलीभर नजर फिरवली.

“छान ऊब आहे हं तुझ्याकडे.”

घरात चौदा अंश होते. सेल्सिअस. मी आयुष्यभर सेल्सिअस शिकवलं आणि फॅरनहाइट वापरणाऱ्या गावाने आयुष्यभर ते ऐकून घेतलं. मी तिला थर्मोस्टॅट दाखवला. तिने तो चष्मा न लावता पाहिला आणि म्हणाली की बंद करायला काय, एक बोट पुरतं. मग तिने माझ्याच फोनवरून एका मावसबहिणीला कळवलं की ओदीलने लावलं, आणि संध्याकाळपर्यंत तूर्तियेरमध्ये लवंग कमी घालण्याविषयी मला चार सूचना आल्या.

मी मेनाकडे मुदत मागितली. सणापर्यंत मी न लावता आवाज कसा होतो हे सिद्ध करेन, नाही जमलं तर गपचूप पीठ मळायला घेईन. ती उदारपणे हो म्हणाली. जाताना म्हणाली की तिला तर कारण माहीत आहे. माणसाचं मन खायला लागलं की असाच आवाज येतो.

मी पहिलं काम केलं ते थर्मोस्टॅटचं. भिंतीवरून काढला, तारा सोडवल्या, टोकांना चिकटपट्टी लावली आणि तो चमच्यांच्या खणात ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी दुपारी कपाटामागे टकटक सुरू झाली. काठीचे ठोकेही पडले. मी खण उघडून पाहिलं. थर्मोस्टॅट काट्याचमच्यांत निपचित पडला होता.

बॉयलर तर लागत नव्हता ना? लागत होता, पण त्याचा काही उपयोग नाही. आमचं आंघोळीचं आणि भांड्यांचं पाणीही तोच तापवतो, त्यामुळे तो भर जुलैतही दिवसातून अनेकदा धडधडतो. पाणी फिरवणारा पंप चालू आहे का हे कान देऊन ऐकावं तर शेजारी मेनाचा जुना फ्रीजर आहे. तो पापांच्या काळापासून एकाच सुरात गुणगुणतो आहे.

व्हॅलमोर मदतीला आला. अंगात फ्लोरिडाचा शर्ट होता, त्यावर गुलाबी रोहित पक्षी. बाहेर गवतावरचं दव गोठलं होतं आणि तो अर्ध्या बाह्यांत उभा होता. त्या ऑक्टोबरात तो रोज हाच शर्ट घालून यायचा. त्याविषयी तो बोलायचा नाही आणि मीही विचारायचे नाही. त्याचं पहिलं मत असं पडलं की घर चिकणमातीवर आहे, चिकणमाती आकसते, तेव्हा आवाज जमिनीतून येतोय. दुसरं मत असं की तुझे पापा येत असतील. मी म्हटलं, पापा आले असते तर त्यांनी आधी दिवे बंद केले असते.

आम्ही कपाट सरकवायचं ठरवलं. त्यासाठी आधी ते रिकामं करावं लागलं. आईची ताटं, सूपची भांडी, कोंबडीच्या आकाराचं बाउल, चहाच्या किटल्या, सगळं मी पलंगावर मांडलं आणि व्हॅलमोरने एकेक वस्तू उचलून हे कशासाठी असतं असं विचारलं. कपाट हललं तेव्हा त्याच्या खालून आमचं मांजर निघालं. त्याचं नाव बिस्मथ. बिस्मथ दर ऑक्टोबरात त्या कपाटाखाली राहायला जातं आणि जेवण्यापुरतं बाहेर येतं. मी आजवर समजत होते की त्याला एकांत आवडतो. त्याने आमच्याकडे रागाने पाहिलं, पत्र्याच्या खोक्याला पाठ लावून पुन्हा लोळण घेतली आणि डोळे मिटले.

मी मांजराशेजारी हात ठेवला. पत्रा कोमट होता.

समोरचं झाकण काढलं. आत तांब्याची नळी आणि तिच्यावर बसवलेली ॲल्युमिनियमची पातळ पाती. पात्यांमध्ये आमचं अर्धं बालपण अडकलेलं होतं. डॉमिनोची एक सोंगटी, पेपरमिंटची दगड झालेली गोळी, आणि मेनाच्या बाहुलीचा पाय, ज्यावरून तिने एकेकाळी माझ्याशी महिनाभर अबोला धरला होता. पाय मी खिशात टाकला. कधी कामी येईल सांगता येत नाही.

नळीला बोट लावलं आणि लगेच काढून घेतलं. चांगली तापली होती. पण मी खोलीच्या कडेने पुढे सरकत गेले, जागोजागी झाकणं उचलली, तर ती निवत गेली. खिडकीखाली कोमट, कोपऱ्याच्या पलीकडे गार. माझ्या बाकीच्या मजल्यावर तर बर्फासारखी. खोली तापवण्याएवढं पाणी येत नव्हतं. मांजर तापवण्याएवढं येत होतं.

मी व्हॅलमोरला समजावलं की प्रश्न दोन आहेत. नळी आवाज का करते, हा पहिला. बंद असताना ती तापतेच का, हा दुसरा. पहिला सोपा होता. दुधाचा रिकामा प्लास्टिकचा कॅन कापून मी त्याच्या पट्ट्या केल्या आणि प्रत्येक आकडा नि नळी यांच्यामध्ये एकेक सरकवली, म्हणजे नळीला अडायला काही उरू नये. भिंतीतून जिथे ती बाहेर येते तिथलं भोक तिला चिकटून होतं. ते कानशीने थोडं मोठं केलं. मग मला शंका आली की आत हवा अडकली असेल, कारण टकटकीच्या मधूनमधून पोटात गुडगुडल्यासारखंही होत होतं. हवा काढायची बारीक झडप नळीच्या टोकाला असते. मी व्हॅलमोरला वाटी धरायला सांगितलं आणि किल्ली फिरवली. आधी फुस्स झालं, मग शिंकल्यासारखं झालं, आणि मग पापांच्या काळचं काळं पाणी वाटीला वळसा घालून रोहित पक्ष्यांवर गेलं.

व्हॅलमोरने शर्टाकडे पाहिलं. म्हणाला, “आता हे कावळे झाले.”

दुसऱ्या दिवशी तो तोच शर्ट धुऊन, ओलसरच, घालून आला. मी त्याला पापांचा स्वेटर दिला. त्याने तो शर्टाच्या आत घातला, म्हणजे पक्षी दिसत राहावेत.

टकटक आता ऐकूच येईना. नळी तापायची, पट्ट्यांवरून घसरायची आणि गप्प बसायची. मी मेनाला बोलावून ऐकवलं. ती कोट-मफलरांत आली, कान टवकारून बसली आणि म्हणाली की चोराने पायांत मोजे घातले म्हणून तो साव होत नाही. मला हे पटलं. आवाज बंद केल्याने माझी बाजू उलट लंगडी झाली होती. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत माझा निभाव लागणार नव्हता.

गरम पाणी माझ्या नळीत येत होतं, म्हणजे पंप चालू होत होता. पंप चालू करायला एक तर माझा थर्मोस्टॅट लागतो, आणि तो चमच्यांत होता. किंवा दुसरा.

मी जिन्याकडे पाहिलं. मेना ऑक्टोबरात कुणालाही वर येऊ देत नाही. फरशीला मेण लावलंय, असं सांगते. लेओ गेल्यापासून तिने फरशीला इतकं मेण लावलं होतं की एव्हाना छत हाताला लागायला हवं होतं.

पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. मी तळघरात थर्मामीटर घेऊन बसले असते तर मेनाला पायऱ्यांची करकर ऐकू गेली असती आणि त्या दिवशी काहीच झालं नसतं. मला असं काहीतरी हवं होतं जे माझ्यामागे पाहील आणि परत आल्यावर सांगेल. मी शाळेत मुलांकडून करून घ्यायचे तो प्रयोग आठवला. वेगवेगळे पदार्थ वेगवेगळ्या तापमानाला वितळतात. तळघरात बॉयलरमधून निघणाऱ्या दोन नळ्या आहेत, एक वरच्या मजल्याची, एक माझी. प्रत्येकीवर तिची झडप. मी दोन्ही नळ्यांवर, झडपांच्या पुढे, दोऱ्याने तीन तीन वस्तू बांधल्या. लोण्याचा तुकडा, चॉकलेटचा तुकडा आणि लाल मेणाचा खडू. तुलनेसाठी तिसरा संच गार पाण्याच्या नळीवर.

शनिवार होता. शनिवारी संध्याकाळी चर्चच्या सभागृहात बीन्सचं जेवण असतं. मी जिन्यातून वर ओरडून सांगितलं की आम्ही निघालो. मेना म्हणाली की तिचा गुडघा धरलाय, ती घरीच थांबेल. माझ्यासाठी एक वाडगा घेऊन ये, असंही म्हणाली. गुडघा धरलेल्या बाईच्या मानाने तिचा आवाज फार टवटवीत होता.

सभागृहात सगळे कोट घालूनच जेवत होते. कुणीही लावलेलं नव्हतं. समोरच्या बाईंनी मला विचारलं की लावलंत असं ऐकलं, खरं का? मी म्हटलं, तपास चालू आहे. माझं बीन्सकडे लक्ष नव्हतं. व्हॅलमोरने माझ्या वाट्याचा ब्राउन ब्रेडही खाल्ला. जेवताना तो एवढंच बोलला की नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारी तो निघतोय, गाडीत तेल घालून ठेवलंय. मी म्हटलं, बघू काय निघतं ते. तो म्हणाला, “तळघरातून?” मी हो म्हटलं. त्याने ब्रेडचे कण बोटाने टिपले.

परत आल्यावर आम्ही थेट तळघरात गेलो. फ्रीजरवर बिस्मथ बसलं होतं आणि मिशा चाटत होतं. तिन्ही नळ्यांवरचं लोणी नाहीसं झालं होतं, दोऱ्यासकट. चॉकलेटही कुठेच नव्हतं. मी बिस्मथकडे पाहिलं. मग मला जाणवलं की व्हॅलमोर भिंतीकडे पाहतोय.

“तिन्ही?” मी विचारलं.

तो म्हणाला की निघताना वाटलं, वाटेत भूक लागेल. मी त्याला शास्त्रशुद्ध पद्धतीविषयी थोडं बोलले. निदान तुलनेच्या नळीवरचं तरी ठेवायचं होतं. तो म्हणाला की तुलनेच्या नळीवरचंच सगळ्यात छान होतं, गारेगार.

पण मेणाचे खडू कुणी खात नाही. गार नळीवरचा खडू जसाच्या तसा होता. माझ्या नळीवरचा झडपेजवळ मऊ पडून, वाकून, मान टाकल्यासारखा लोंबत होता. आणि मेनाच्या नळीवरचा खडू नव्हताच. त्याच्या जागी दोरा होता आणि नळीवरून खाली जमिनीपर्यंत लाल ओघळ आला होता. मी नळीला हात लावला. भाजलं.

आता सगळं जुळलं. मेनाने लावलं की पंप फिरतो आणि पाणी वर जातं. माझी झडप तेव्हा पूर्ण बंद असायला हवी, पण ती चिमूटभर उघडी राहत होती. तेवढ्या फटीतून गरम पाण्याची बारीक धार माझ्या नळीत शिरत होती, कपाटामागे पोचेपर्यंत गरम राहत होती आणि पुढे निवून जात होती. लावायची ती, वाजायचं माझ्याकडे.

बीन्सचा वाडगा घेऊन मी वर गेले. व्हॅलमोर मागे होता. मी दार वाजवलं नाही, कोपराने ढकललं.

दारातून ऊब अशी आली की माझ्या चष्म्यावर वाफ धरली. मी तो पुसला. मेना बिनबाह्यांच्या फुलाफुलांच्या झग्यात, अनवाणी, सोफ्यावर पाय लांब करून बसली होती. हातात बर्फ घातलेला चहा होता. खिडकीत जास्वंद फुलली होती. दाराशेजारच्या खुंटीवर कोट, दोन मफलर आणि लेओची टोपी ओळीने टांगलेली होती, अग्निशमन दलात असतात तशी, एका झटक्यात चढवता येतील अशी.

तिने आमच्याकडे पाहिलं, मग टोपीकडे पाहिलं, आणि अंतर फार आहे हे तिच्या लक्षात आलं.

“दार लावा,” ती म्हणाली. “ऊब जाते.”

मी तिला खडूंबद्दल सांगितलं. झडपेबद्दल सांगितलं. ती शांतपणे ऐकत राहिली आणि माझं संपल्यावर तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते आश्चर्य होतं, आणि ते खरं होतं.

“म्हणजे तू कधीच लावत नव्हतीस?”

“नाही.”

“इतकी वर्षं?”

“नाही म्हणतेय ना.”

“मग मी उगाच तुला नावं ठेवली.” तिने ग्लास खाली ठेवला. “मला वाटायचं आपण दोघीही लबाडी करतोय. मी लावायचे आणि पाच-दहा मिनिटांत तुझ्याकडे वाजायला लागायचं. मला वाटायचं ही मेली माझ्या लावण्याची वाटच बघत असते. फक्त तुझ्या नळ्या वाजतात आणि माझ्या वाजत नाहीत, कारण लेओने फरशी बदलताना नळ्यांखाली प्लास्टिक घातलं होतं. म्हटलं, पकडली जाते ती हरते. नियमच तसा आहे.”

मी बीन्सचा वाडगा टेबलावर ठेवला. व्हॅलमोर म्हणाला की भूगोलाच्या दृष्टीने यात दोघींचंही बरोबर आहे. त्याला आम्ही दोघींनी एकदमच गप्प केलं.

मग मेनाने झग्याची कड बोटांनी सरळ केली आणि जास्वंदीकडे बघत बोलली. “लेओ होता तेव्हा मला लावावं लागायचं नाही गं. तो शेजारी झोपला की शेगडीच. तो गेला त्या ऑक्टोबरात मी पाय गरम करायला म्हणून एकदा लावलं. म्हटलं, आजच्या दिवस. मग राहवेचना.”

मी खिशातून बाहुलीचा पाय काढला आणि तिच्यासमोर टेबलावर ठेवला. तिने तो उचलून उलटसुलट पाहिला. मग म्हणाली की हा तूच टाकला होतास तिथे, तिला तेव्हाच माहीत होतं.

दोन दिवसांनी मी माझ्या नळीतलं पाणी उतरवलं आणि झडप खोलली. आत, जिथे रबरी गोळा भोकावर बसतो तिथे, डाखाचा एक थेंब चिकटला होता, वाटाण्याहून लहान, चकचकीत. पापांच्या हातून गळलेला. इतकी वर्षं तो नळ्यांमधून फिरत असेल आणि मग एक दिवस तिथे येऊन बसला असेल. लावू नका असं सांगणाऱ्या माणसाने माझी झडप उघडी धरून ठेवली होती. मी थेंब चिमट्याने काढला, गोळा नवा घातला, पाणी भरलं, हवा काढली. या वेळी वाटी मीच धरली.

मेनाने मुदतीची वाट पाहिली नाही. ती खाली आली, कोट न घालता, झग्यावर नुसतं जाकीट चढवून, आणि माझ्या फोनवरून मावसबहिणीला कळवलं की हरलेली ती आहे. या वर्षी रेव्हेयों वर. तूर्तियेरमध्ये लवंग किती घालायची हे ती स्वतः ठरवणार आहे, ज्याला पटत नसेल त्याने घरून जेवून यावं. मग तिने वर जाऊन उघडपणे थर्मोस्टॅट फिरवला. तो क्लिक झाला ते आम्हाला जिन्यातून ऐकू आलं.

व्हॅलमोर, मी आणि बिस्मथ जेवणाच्या खोलीत होतो. कपाट अजून भिंतीपासून लांबच होतं. तळघरात पंप सुरू झाला असणार. पाणी वर जात असणार. मी कपाटामागच्या नळीला हात लावून बसले. ती गार होती आणि गारच राहिली. बिस्मथने तिला पाठ लावून पाहिली, उठलं, आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू विचारत होतं की त्या उबेचं तू काय केलंस.

मी कान देऊन ऐकत राहिले. टकटक नाही. गुडगुड नाही.

“पंप जरा गुणगुणतोय,” मी म्हटलं. “त्याचं बघायला हवं. त्याला वेळ लागेल.”

“तो फ्रीजर आहे,” व्हॅलमोर म्हणाला.

मी पुन्हा ऐकलं. फ्रीजरच होता. मी म्हटलं की भिंतीतलं भोक मोठं केलंय, ते बुजवायचंय. त्याने आपल्या पुढ्यातला कॅनचा उरलेला तुकडा उचलला आणि कात्रीने त्याला गोल आकार दिला. मग भोकाशी धरून पाहिला. बरोबर बसत होता. त्याने तो तिथे दाबला आणि हात झटकले. रोहित पक्ष्यांवरचा काळा डाग धुऊन करडा झाला होता. त्याने मला काही विचारलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो विचारत नव्हता. तो आईची ताटं एकेक करून कपाटात परत ठेवायला लागला, आणि कोंबडीचं बाउल त्याने सगळ्यात मागे ठेवलं, जिथे ते असतं.

वर मेना अनवाणी चालत होती. तेवढाच आवाज होता घरात. मी आणखी थोडा वेळ वाट पाहिली, कुठेतरी काहीतरी वाजेल म्हणून. नळ्या शहाण्यासारख्या गप्प होत्या.

“मी येते, व्हॅलमोर,” मी म्हटलं. “सोमवारी. बिस्मथला घेऊन.”